काचपट्टीवरचे रक्त

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, अहवाल आता यंत्रातून मिनिटभरात छापून निघतो. यंत्र पेशी मोजते. त्या दिसतात कशा, हे पाहायला मात्र अजूनही थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरावे लागते. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट घसरल्याचा आकडा आला की घरचे धास्तावतात. पण रक्त गोठू नये म्हणून नळीत जे रसायन असते, त्याने काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो पुंजका मोजतच नाही. स्लाइडवर पुंजके दिसले, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

काचपट्टीवर रक्ताचा लेप ओढणे हे हाताचे कसब आहे. दुसऱ्या काचेची कड थेंबाला टेकवून 30 ते 45 अंशांत तिरपी धरायची आणि एका दमात पुढे न्यायची. लेप मागे जाड, पुढे जिभेसारखा पातळ होतो. वाचायचा तो टोकाच्या जरा अलीकडे, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात. लेपच बिघडला तर महागडा मायक्रोस्कोपही कामाचा नाही. लेपावर बहुधा लेशमनचा रंग चढतो. ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम लेशमन यांनी 1901 मध्ये तो रोमानोव्स्की यांच्या पद्धतीवरून बेतला. लाल पेशी गुलाबी होतात, पांढऱ्या पेशींची केंद्रके जांभळी.

निरोगी लाल पेशी 7 ते 8 मायक्रॉनची, मधला एकतृतीयांश भाग फिकट. लोह कमी पडले की पेशी लहान होते आणि कधीकधी नुसते कडे उरते. बी-12 किंवा फोलेट कमी पडले की ती मोठी, लंबगोल होते; न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवीच्या तीन-चार पाकळ्यांऐवजी सहा दिसू लागतात. या दुसऱ्या पंडुरोगाचा माग मुंबईत लागला. 1928 मध्ये आलेल्या ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले आणि यीस्टच्या अर्काने ते सुधारते, हे 1931 मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळले.

गुरांचेही निदान असेच होते. संकरित गाईला गोचीड ताप आला की त्याचे परजीवी लाल पेशींत बारीक ठिपक्या-कड्यांसारखे दिसतात.

रक्तात अपक्व पेशी दिसल्या, किंवा तिन्ही प्रकारच्या पेशी विनाकारण घटल्या, की अस्थिमज्जा तपासावी लागते. ‘मणक्यात सुई घालणार’ म्हणून अनेक जण घाबरतात. प्रत्यक्षात सुई कमरेच्या हाडात मागून, जागा बधिर करून घालतात. मज्जा ओढताना क्षणभर कळ येते, ती बधिर करूनही पुरती टळत नाही. ओढलेल्या मज्जेचे लेप लगेच पाहता येतात. सोबत काढलेल्या हाडाच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यातला चुना आधी विरघळवावा लागतो, म्हणून तो अहवाल उशिरा येतो. अपक्व पेशी 20 टक्क्यांवर गेल्या तर सहसा रक्ताचा तीव्र कर्करोग. पेशींच्या जागी चरबीच उरली असेल तर मज्जा निकामी झालेली. कधी सुईत काहीच येत नाही. मज्जेत तंतू माजले की असे होते, आणि मग उत्तर त्या तुकड्यातच शोधायचे.

कर्करोगाचा नेमका प्रकार ठरवायला जनुकांच्या चाचण्या लागतात आणि त्यासाठी नमुना बहुतेकदा मोठ्या शहरात जातो. तिथला पॅथॉलॉजिस्टही आधीच्या स्लाइड मागतो, म्हणून रुग्णाने त्या अहवालासोबत न्याव्यात.