विमा कंपन्यांचे विलीनीकरण आणि शेअरचा भाव



दोन विमा कंपन्या एक होणार, अशी बातमी आली की घराघरांत दोन प्रश्न निघतात. आपल्या पॉलिसीचे काय? आणि शेअर घ्यावा की विकावा? एका खऱ्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

३ सप्टेंबर २०२१ रोजी एचडीएफसी लाइफने एक्साइड लाइफ विकत घेण्याची घोषणा केली. किंमत ठरली ६,६८७ कोटी रुपये. त्यापैकी सुमारे ७२६ कोटी रोख, आणि बाकीच्या रकमेचे सुमारे ८.७० कोटी नवे शेअर, प्रत्येकी ६८५ रुपये दराने, मालक असलेल्या एक्साइड इंडस्ट्रीजला द्यायचे होते. त्या दिवशी विकणाऱ्या एक्साइड इंडस्ट्रीजचा भाव चढला आणि घेणाऱ्या एचडीएफसी लाइफचा उतरला.

असे का? विकणाऱ्याची किंमत ठरलेली असते. घेणाऱ्याला मात्र फायदा पुढे कमवून दाखवायचा असतो. शिवाय नवे शेअर निघाले की नफ्याचे वाटेकरी वाढतात. पंगतीत पाने वाढली की लाडूही वाढायला हवेत!

आयुर्विम्यात हा हिशेब आणखी अवघड असतो, कारण एका पॉलिसीचा नफा वीस-वीस वर्षे थोडा थोडा येतो. त्या भावी नफ्याचे आजचे मूल्य आणि कंपनीची निव्वळ मालमत्ता मिळून ‘एम्बेडेड व्हॅल्यू’ होते. एक्साइड लाइफसाठी तिच्या सुमारे अडीच पट किंमत मोजली गेली. ती महाग की रास्त, यावरच बाजाराचे मत ठरते.

घोषणा म्हणजे विलीनीकरण नव्हे, हेही लक्षात ठेवावे. जून २०१६ मध्ये एचडीएफसी लाइफ आणि मॅक्स लाइफ यांच्या विलीनीकरणाची बोलणी जाहीर झाली. त्या योजनेत मॅक्स लाइफ आधी एका बिगर-विमा कंपनीत विलीन होणार होती. विमा नियामकाने त्याला हरकत घेतली आणि जुलै २०१७ मध्ये बेत रद्द झाला. नुसत्या बातमीवर चढलेला भाव अशा वेळी टिकत नाही.

एक्साइड लाइफचे विलीनीकरण मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झाले. तिच्या पॉलिसींची जबाबदारी एचडीएफसी लाइफकडे आली. म्हणून पालकांना एवढेच सांगणे की, विलीनीकरणाच्या बातमीने घाबरून पॉलिसी मोडू नका, हप्ता चुकवू नका. आणि शेअर घ्यायचाच असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा: किंमत किती दिली, नवे शेअर किती निघाले, आणि नियामकाची मंजुरी मिळाली का?