वस्तू आणि कायदा, लेखांक ७ : एअरसॉफ्टची बंदूक खेळणे ठरते काय?

एअरसॉफ्ट हा १९७० च्या दशकात जपानमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य असलेल्या देशात, आकाराला आलेला खेळ असून त्यात स्प्रिंग, बॅटरीवरची मोटर किंवा दाबाखालील वायू यांच्या जोरावर साधारणतः ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडून लुटुपुटीची लढाई लढली जाते. गोळी प्लॅस्टिकची आणि हेतू करमणुकीचा, तेव्हा या बंदुकीची गणना खेळण्यांत व्हावी, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. ब्रिटिश कायदा मात्र तो स्वीकारत नाही.

खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार, १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे या हेतूने घडवलेली वस्तू म्हणजे खेळणे होय, आणि याच नियमांनी खऱ्या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती व दाबाखालील वायूवर चालणारी पिस्तुले या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, तर पाण्याच्या पिस्तुलांना त्यातून सूट दिली आहे. उरतात त्या स्प्रिंगच्या, भडक रंगांच्या बंदुका. परंतु बंदुकीसारखी दिसणारी वस्तू, तिच्यातून काही सुटो वा न सुटो, कायद्याच्या भाषेत ‘बनावट बंदूक’ ठरते आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ती विकणे हा गुन्हा आहे. ज्या वस्तूचे गिऱ्हाईक मूल असूच शकत नाही तिला मुलांचे खेळणे म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

मग ती शस्त्र आहे काय? १९६८ च्या बंदूकविषयक कायद्यात ‘प्राणघातक नळीचे शस्त्र’ ही कल्पना मध्यवर्ती असली, तरी प्राणघातक कशाला म्हणावे हे त्यात आकड्यांत सांगितलेले नव्हते, आणि १९६० च्या मूर विरुद्ध गुडरहॅम या खटल्यात, गैरवापर झाल्यास जिच्यामुळे मृत्यू ओढवू शकेल अशी इजा होते ती वस्तू, अशी सैल कसोटी मांडली गेली होती. ही संदिग्धता २०१७ च्या दुरुस्तीने दूर झाली. नळीच्या तोंडाशी गोळीची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे तिच्या अंगी आलेली ऊर्जा, १ ज्यूलपेक्षा अधिक असेल तर ते शस्त्र प्राणघातक मानावे, असे ठरले. मात्र ८ मिलिमीटरपर्यंतच्या गोल प्लॅस्टिक गोळ्यांसाठीच घडवलेल्या एअरसॉफ्ट बंदुकीला अपवाद करून, एकदा चाप ओढल्यावर लागोपाठ गोळ्या सुटत असल्यास १.३ आणि एरवी २.५ ज्यूल अशी मर्यादा घालण्यात आली. ०.२ ग्रॅमच्या गोळीला १ ज्यूल ऊर्जा मिळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला १०० मीटर असतो, आणि तेवढ्या वेगाने आलेली गोळी डोळा निकामी करू शकते. खेळण्याचा शिक्का या वस्तूला शोभत नाही तो यामुळेच.

खरी गुंतागुंत दिसण्याची आहे. बँकेतल्या रोखपालावर रोखलेल्या बंदुकीतून काय सुटते हे त्याला कळत नसल्याने, २००६ च्या हिंसक गुन्हे कमी करण्यासाठीच्या कायद्याने हुबेहूब बनावट बंदूक तयार करणे, आयात करणे आणि विकणे यांवर बंदी आणली. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा वा निळा असा भडक रंग मुख्यत्वे असेल, किंवा वस्तू पारदर्शक असेल, तर ती या बंदीतून सुटते. (जॅकेटच्या आत बोटे खुपसून पिस्तुलाचा आभास निर्माण करणाऱ्या दरोडेखोराच्या खटल्यात, स्वतःची बोटे ही ‘बाळगलेली वस्तू’ होऊ शकत नाही, असा निर्णय २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला द्यावा लागला होता!) चित्रपट, नाटक आणि संग्रहालये यांच्याबरोबरच, विमा उतरवलेल्या एअरसॉफ्ट सामन्यांसाठीही बचावाची तरतूद आहे. हा बचाव सिद्ध करता यावा म्हणून विक्रेत्यांच्या संघटनेने खेळाडूंची नोंदवही ठेवली असून, किमान दोन महिन्यांच्या कालावधीत तीन सामने खेळलेल्यालाच तीत स्थान मिळते. ही नोंद म्हणजे सरकारी परवाना नव्हे, व्यापाऱ्यांनी स्वतःच्या बचावासाठी उभारलेली ती व्यवस्था आहे.

या रचनेत एक फट मात्र राहिली आहे. वयाची बंदी खरेदी-विक्रीपुरती असल्यामुळे, १५ वर्षांच्या मुलाला दुकानातून घेता न येणारी बंदूक त्याच्या वडिलांनी भेट दिली तर त्या तरतुदीचा भंग होत नाही, आणि तोच मुलगा ती घेऊन सबळ कारणाशिवाय रस्त्यावर आला तर मात्र सार्वजनिक ठिकाणी बनावट बंदूक बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर, वडिलांवर नव्हे, दाखल होऊ शकतो.