इन्शुलिन-चिकित्सा आणि रक्तशर्करेची न्यूनता

इन्शुलिनचे आरंभीचे एकक ज्या कसोटीवर ठरले, ती मुळी शर्करान्यूनतेचीच कसोटी होती. टोराँटो येथे १९२२ च्या सुमारास, उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तशर्करा आचके येण्याइतकी, म्हणजे १०० घन सेंटिमीटर रक्तात ४५ मिलिग्रॅमपर्यंत, जी मात्रा उतरवी तिच्यावरून औषधाचे बळ मोजीत. औषध आणि अपाय यांचे नाते प्रारंभापासून असे निकटचे आहे.

निरोगी शरीरात रक्तशर्करा ८० च्या आसपास येताच स्वादुपिंडातील इन्शुलिनचा स्राव मंदावतो. ती ७० च्या खाली जाऊ लागली की ग्लुकागॉन व अ‍ॅड्रिनलिन यांचा स्राव वाढून यकृतातून शर्करा बाहेर पडते. टोचलेल्या इन्शुलिनला हा लगाम नाही. त्वचेखालून ते रक्तात येतच राहते, मग रोग्याचे जेवण लांबलेले असो वा श्रम अधिक झालेले असोत. त्यातच पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काही वर्षांत ग्लुकागॉनचा प्रतिसादही लोपतो. उरते ते अ‍ॅड्रिनलिन. घाम, कंप, धडधड ही पूर्वसूचना मुख्यतः त्याच चेतासंस्थेच्या जागृतीतून मिळते.

ही पूर्वसूचनाही चिरस्थायी नसते, आणि खरा धोका येथेच आहे. फिलिप क्रायर यांनी या अवस्थेचे जे विवेचन केले त्याचा आशय असा, की शर्करान्यूनतेचा एक प्रसंग पुढील प्रसंगाची जाणीव बोथट करतो. मग घाम सुटण्यापूर्वीच बुद्धिभ्रम होतो. असा रोगी बरळू लागला म्हणजे लोक त्याला मद्यपी समजतात, हे दुर्दैव! तथापि काही आठवडे न्यूनता कटाक्षाने टाळल्यास ही जाणीव बव्हंशी परत येते.

मग मात्रा सैल ठेवावी काय? अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रोग्यांवरील दीर्घ परीक्षणाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. काटेकोर नियंत्रणाने नेत्रपटल, वृक्क व चेतातंतू यांचे विकार पुष्कळ घटले. परंतु तीव्र शर्करान्यूनता सुमारे तिप्पट झाली. म्हणून सर्वांस एकच लक्ष्य लावणे सयुक्तिक नव्हे. वृद्ध, एकाकी अथवा पूर्वसूचना हरपलेल्या रोग्यास थोडी अधिक शर्करा परवडते.

शुद्धीवर असलेल्या रोग्यास १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज वा साखर द्यावी, १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये. ग्लुकागॉन टोचावे किंवा शिरेवाटे ग्लुकोज द्यावे. मद्यपानानंतर किंवा दीर्घ उपवासात ग्लुकागॉन फारसे उपयोगी पडत नाही, कारण यकृतातील साठाच संपलेला असतो. अशा वेळी शिरेवाटे ग्लुकोज हाच भरवशाचा उपाय होय.