शब्द कुठे तोडावा?

वसई-विरार परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांमधून दहावी झालेली मुले अकरावी विज्ञानाला जातात, तेव्हा इंग्रजी संज्ञांचा डोंगर एकदम समोर येतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्यांना जड जात नाही, कारण तो कुठे तुटतो हे कानाला कळते. ‘फोटोसिंथेसिस’ मात्र ती स्पेलिंगसकट घोकतात. वास्तविक तोही सामासिक शब्दच आहे. फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे एकत्र आणि थेसिस म्हणजे ठेवणे.

अशा शब्दांत पेन्सिलीने छोट्या आडव्या रेघा काढून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. पण रेघ कुठे काढायची? छापील पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, ती जागा येथे उपयोगाची नाही. ती बहुधा उच्चाराच्या सोयीने ठरते. ‘हेलिकॉप्टर’ घ्या. आपण तो सहज हेली-कॉप्टर असा तोडतो. हेलिपॅड, क्वाडकॉप्टर हे शब्द याच तोडणीतून जन्मले! मूळ ग्रीक जोड मात्र हेलिको-प्टर अशी आहे. हेलिको म्हणजे मळसूत्री, प्टेरॉन म्हणजे पंख. हा पंख एकदा ओळखीचा झाला की जीवशास्त्रात तो जागोजागी भेटतो. डास आणि माशी यांचा गण डि-प्टेरा, म्हणजे दोन पंखांचे. वटवाघळांचा गण कायरो-प्टेरा, म्हणजे हात-पंखी. आणि वटवाघळाचा पंख खरोखरच हाताच्या लांबलेल्या बोटांवर ताणलेला पडदा असतो. संस्कृत ‘पत्र’ शब्दाचा एक अर्थ पंख असाच आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही शब्द एकाच कुळातले मानतात.

नकाराचेही तसेच. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो: अमर, अनादि. ग्रीकचा नियम हाच आहे. ॲ-टम म्हणजे न कापता येणारा. मोरचूद तापवल्यावर उरणारी पांढरी पूड ॲन-हायड्रस, म्हणजे निर्जल.

येथेच फसगतही होते. ‘ॲनॅटमी’ हा शब्द ॲन-ॲटमी असा तोडला, तर ‘अणू नसलेले’ असा भलताच अर्थ निघेल. तो ॲना-टमी आहे: कापून उलगडणे. ‘अमीबा’मधला ‘अ’ तर नकाराचा नाहीच. तो ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा भाग आहे. म्हणून तोडलेला शब्द एकदा तरी व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात पडताळावा. वर्गात असा एक कोश असला तर मुले ते काम आनंदाने करतात.

चुकीची तोड नेहमीच निरुपद्रवी नसते. वसई तालुक्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. इंधनाच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले आपण वाचतो. ‘इनव्हर्टिब्रेट’ म्हणजे पाठीचा कणा नसलेला, हे शिकलेला विद्यार्थी याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा सहज लावेल. हा ‘इन’ मात्र नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. ‘इनफ्लेम’ म्हणजे पेटवणे, आणि त्यापुढे ‘एबल’. हा घोटाळा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचाही होतो. म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून ‘इन’ गाळून नुसते ‘फ्लेमेबल’ लिहावे असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ लिहितात.