ऑनलाइन अभ्याससाहित्य आणि ग्रंथालयाशी पूर्वनियोजन

प्रास्ताविक

नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसणे क्वचितच शक्य होते. त्यांच्यासाठी ग्रंथालय म्हणजे बहुधा मोबाइलच्या पडद्यावर उघडणारे साहित्य होय. ते क्षणात उघडते, म्हणून क्षणात उपलब्धही होत असावे, असा आपला समज होतो. वस्तुतः एखादा ग्रंथ कायदेशीर आणि वाचनीय स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचवण्यासाठी ग्रंथालयाला अनेक टप्पे पार करावे लागतात. परीक्षेच्या तोंडावर मागणी केल्यास मूळ कलाकृती हाती येत नाही आणि गाइडमधील सारांशावर भागवावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याची याहून मोठी हानी कोणती? हे टाळण्यासाठी सत्राच्या आरंभीच ग्रंथालयाला काय व कसे कळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रताधिकाराची स्थिती

समजा, आपल्या अभ्यासक्रमात हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही तीन पुस्तके आहेत. वाचकाच्या दृष्टीने तिघेही जुने लेखक. परंतु ग्रंथालयाच्या दृष्टीने त्यांची स्थिती भिन्न आहे.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आपटे यांचे निधन १९१९ मध्ये झाले. त्यांची कादंबरी केव्हाच मुक्त झाली आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले. त्यामुळे हा संग्रह २०१७ च्या आरंभापासून मुक्त आहे. खांडेकरांचे निधन १९७६ मधील असल्याने ‘ययाति’वरील हक्क २०३६ अखेरपर्यंत राहील. म्हणजे पहिल्या दोन ग्रंथांच्या जुन्या प्रतींचे अंकीकरण करता येते; तिसऱ्यासाठी प्रकाशकाचा परवाना किंवा छापील प्रत हाच मार्ग उरतो. येथे एक सावधगिरी हवी. मुक्त झालेल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना व टिपा मुक्त असतीलच असे नाही.

अध्यापनासाठी कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. तथापि, संपूर्ण पुस्तक कोणालाही उतरवून घेता येईल अशा रीतीने खुले ठेवावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

२. परवान्याच्या मर्यादा

ई-पुस्तक बाजारात आहे म्हणून ते ग्रंथालयाला घेता येतेच असे नाही. काही ई-पुस्तके केवळ वैयक्तिक वाचकाला विकली जातात. ग्रंथालयासाठी परवाना मिळाला, तरी एका वेळी ठरावीक वाचकांनाच ते उघडता येते, अशी अट असू शकते. अशा वेळी संपर्कसत्राच्या आदल्या रात्री सर्वांनीच प्रयत्न केला, तर बहुतेकांना प्रतीक्षा करावी लागते. विद्यार्थिसंख्या आधी कळवल्यास ग्रंथालयाला योग्य परवाना निवडता येतो आणि तो न मिळाल्यास छापील प्रती अभ्यासकेंद्रावर ठेवण्याची व्यवस्था करता येते.

३. पाठाचे स्वरूप

मराठी साहित्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या पुस्तकाचे पान केवळ चित्ररूपात साठवले, तर त्यात शब्द शोधता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर पडद्यावर नीट दिसला, तरी शोधयंत्राला तो निरर्थक अक्षरांसारखा भासतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे लेखनही ध्यानात घ्यावे लागते. आपट्यांची कादंबरी ‘लक्षात’ या शब्दाने सापडली नाही, तर अनुस्वारयुक्त ‘लक्षांत’ असे लिहून पाहावे.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी तर पाठाचे स्वरूप हा अभ्यास होणे न होण्याचा प्रश्न असतो. चित्ररूप पान वाचून दाखवण्यास ध्वनिवाचक प्रणाली असमर्थ ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने सुगम स्वरूपातील प्रती तयार करण्यास कायद्याने मुभा दिली आहे. परंतु अक्षरओळख करून घेणे आणि चुका तपासणे यांत बराच काळ जातो. म्हणून अशी गरज सर्वप्रथम कळवावी.

४. मागणी कशी करावी?

‘मर्ढेकरांचे काहीतरी पाठवा’ अशी मागणी निरुपयोगी ठरते. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, आवश्यक प्रकरणे, संपर्कसत्राची तारीख आणि विद्यार्थिसंख्या एवढा तपशील यादीत असावा. अनिवार्य व पूरक ग्रंथ वेगळे दाखवावेत. शक्यतो समंत्रकांच्या मार्फत सर्वांची एकच यादी पाठवावी. तीच मागणी वीस जणांनी स्वतंत्रपणे केल्यास काम वाढते, गती वाढत नाही.

मागणीपूर्वी खुली साधने अवश्य पाहावीत. मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात विविध विद्यापीठांतील प्रबंध वाचता येतात. तेथे जे मिळते ते यादीतून वगळल्यास ग्रंथपालांचा वेळ दुर्मीळ ग्रंथांसाठी उरतो.

सारांश

ऑनलाइन साहित्याची उपलब्धता प्रताधिकार, परवाना आणि पाठाचे स्वरूप या तीन घटकांवर अवलंबून असते. यांपैकी प्रत्येकासाठी वेळ लागतो आणि तो वेळ सत्राच्या आरंभीच हाताशी असतो. वेळेवर दिलेली नेमकी यादी ही दूरस्थ विद्यार्थ्याची मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची वाट आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘काही कविता’ व ‘ययाति’ यांच्या ऑनलाइन उपलब्धतेत फरक का पडतो, ते स्पष्ट करा.
२. चित्ररूप पाठाच्या मर्यादा सोदाहरण सांगा.
३. आपल्या चालू सत्रातील एका अभ्यासक्रमासाठी ग्रंथालयाला द्यावयाची यादी तयार करा.