आई परत येते तेव्हा

वर्षभराचं मूल आई नजरेआड होताच रडू लागलं की आपण म्हणतो, ‘फार अंगावरचं आहे.’ न रडता खेळत बसलं तर ते गुणी. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी हा हिशेब खोटा ठरवला. १९५४-५५मध्ये युगांडातल्या गावांत आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आई-मुलं निरखत केलेल्या अभ्यासातून त्यांच्या लक्षात आलं, की आई जाते तेव्हापेक्षा ती परत येते तो क्षण अधिक बोलका असतो.

त्यांची सुमारे वीस मिनिटांची चाचणी आजही वापरली जाते. अनोळखी खोली, थोडी खेळणी, एक परकी बाई. आई तीनेक मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परतते तेव्हा बरीच मुलं हात वर करून तिच्याकडे झेपावतात, मान खांद्यावर टाकतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळण्यांकडे वळतात. ही सुरक्षित जोडलेली मुलं. काही कडेवर येऊनही आईला ढकलत, पाय झाडत राहतात. काही तर आई आल्याचं पाहूनही मान वळवतात. या दोन्ही प्रकारांची जोडणी असुरक्षित मानली जाते. मान वळवणारी मुलं शांत दिसतात, पण त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा तीही आतून अस्वस्थ असल्याचं आढळलं.

या नात्याचा पुढच्या मनःस्वास्थ्याशी संबंध आहे, पण तो विधिलिखित नाही. जवळपास सहा हजार मुलांवरच्या ६९ अभ्यासगटांचा एकत्रित आढावा २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. असुरक्षित जोडलेल्या मुलांत आक्रमकपणा अधिक दिसला; मात्र फरक माफकच होता. भीती आणि उदासीशी संबंध त्याहून क्षीण असल्याचं नंतरच्या आढाव्यात दिसलं. आईच्या हातून एखादा दिवस बिनसला म्हणून मूल बिघडत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत तर चांगल्या आई-बाळांचेही सूर जेमतेम एक तृतीयांश वेळ जुळलेले असत. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि त्या जुळवून घेण्यातूनच बाळाला भरवसा मिळतो.

हे सगळं ‘आई’ या एकाच व्यक्तीवर लादावं का, हा प्रश्न बडोद्यात जुना आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागात टी. एस. सरस्वती यांनी संस्कृती आणि बालविकास यांच्या नात्यावर अनेक वर्षं काम केलं. याच विद्यापीठाच्या प्रेरणा मोहिते जर्मनीच्या मोनिका आबेल्स आणि हायडी केलर यांच्याबरोबर २००५च्या एका शोधनिबंधाच्या सहलेखिका होत्या. ग्रामीण आणि शहरी भारतातल्या तान्ह्यांच्या अवतीभवती कोण असतं, त्यांचा दिवस कसा जातो, हा त्याचा विषय. एकट्या आईनं समोर बसून, डोळ्यांत पाहून, खुळखुळा दाखवत बाळाशी खेळणं ही जगभरची रीत नाही, असं केलर सातत्यानं मांडत आल्या आहेत. अंगाखांद्यावर, अनेकांच्या हातांत वाढणं हीही तितकीच पुरी रीत आहे.

बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजारातल्या मराठी घरांना हे सांगायला नको. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची आजी, घोडियाची म्हणजे पाळण्याची दोरी ओढायची आत्या, रडलं की उचलायची काकू. आता गोत्री-वासणाच्या फ्लॅटमध्ये हे सगळे हात एकट्या आईचे झाले आहेत. तिची झोप, तिची उदासी, तिला मिळणारी मदत यांवर तिचा प्रतिसाद अवलंबून असतो. म्हणून आईपणाचे धडे तिला देण्याआधी घरच्यांनी रात्रीचं एक जागरण आपल्याकडे घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

मूल मोठं झालं म्हणून हे नातं संपत नाही. किशोरवयीन मुलांसाठी १९८७मध्ये आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांनी तयार केलेली प्रश्नावली तीन गोष्टी तपासते: विश्वास, संवाद, दुरावा. बोर्डाच्या वर्षी ट्यूशनहून परतलेल्या मुलाला दारातच ‘किती मार्क पडले?’ असं विचारलं, की या तिन्हींवर एकदम परिणाम होतो. आधी जेवायला वाढावं. तो बोलेल.

मात्र तान्ह्याजवळ राहणं सगळ्याच आयांना शक्य नसतं. बडोद्यातल्या नव्या इमारतींच्या पायाशी दाहोद-पंचमहालहून आलेल्या मजूर बायका घमेली वाहतात आणि त्यांची तान्ही झोळीत किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला २६ आठवड्यांपर्यंतची रजा मिळाली; या मजूर आईच्या पदरी ती क्वचितच पडते. बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यात पाळणाघर आलं होतं, तेही पन्नासहून अधिक स्त्री मजूर असलेल्या ठिकाणापुरतं. अंगणवाडीतली शाळा तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते, आणि जोडलं जाण्याचा पहिला काळ त्याआधीच सरतो. तुमच्या सोसायटीचं बांधकाम सुरू असेल, तर बिल्डरला जिम आणि क्लबहाउसबरोबर हेही विचारा: कामावरच्या बायकांची मुलं दिवसभर कुठे असतात?