विश्लेषण : वेग, बॅटरी की खासगीपणा? ब्राउझर निवडताना नेमके काय पाहावे?

लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला की दोन तक्रारी हमखास सुरू होतात. बॅटरी टिकत नाही आणि इंटरनेट वापरताना यंत्र रखडते. अनेक घरांत त्यावर नवा लॅपटॉप घेणे हा एकच उपाय सुचतो. मात्र दिवसभरात सर्वाधिक वेळ उघडा असणारा प्रोग्राम असतो ब्राउझर. बँकेचे व्यवहार, मुलांचे प्रवेश अर्ज, कार्यालयीन ईमेल, व्हिडीओ हे सगळे त्याच्याच आत चालते. तरीही तो विचारपूर्वक निवडलेला नसतो. यंत्राबरोबर आलेला किंवा सवयीने डाऊनलोड केलेला ब्राउझर वर्षानुवर्षे तसाच राहतो. या निवडीमुळे खरेच किती फरक पडतो, याविषयी…

नावे अनेक, इंजिने किती?

वेबसाइटचा मजकूर, चित्रे आणि कोड वाचून पडद्यावर पान उभे करणाऱ्या भागाला ब्राउझरचे इंजिन म्हणतात. आज मुख्यत्वे तीनच इंजिने वापरात आहेत. गुगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे ब्लिंक वापरणाऱ्या क्रोमियम या खुल्या प्रकल्पावर बांधलेले आहेत. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन सोडून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरील एज आणला. सफारी वेबकिटवर, तर फायरफॉक्स गेकोवर चालतो. आयफोनचा प्रकार आणखी वेगळा आहे. तिथे क्रोम घ्या वा फायरफॉक्स, आत वेबकिटच असते. युरोपीय महासंघातील कायद्यामुळे अ‍ॅपलने मार्च २०२४ पासून तिथे इतर इंजिनांना मुभा दिली. भारतातील आयफोनवर मात्र ती मिळालेली नाही. त्यामुळे क्रोम सोडून एज घेतल्यावर इंजिन बदलत नाही. बदलतात त्या कंपनीने वर चढवलेल्या सोयी आणि माहिती गोळा करण्याची धोरणे.

वेगात किती फरक पडतो?

वेग मोजण्यासाठी ‘स्पीडोमीटर’ ही चाचणी प्रसिद्ध आहे. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. अ‍ॅपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चारही स्पर्धकांनी ती एकत्र येऊन तयार केली. अशा चाचण्यांत गुणांचा फरक दिसतो, पण एकाच यंत्रावरील अद्ययावत ब्राउझरांमध्ये तो सामान्य वापरात सहसा जाणवत नाही. जाणवतो तो पानावरील जाहिराती आणि ट्रॅकरांचा भार. बातमीचे एक पान उघडताना बातमीपेक्षा जाहिरातींचा कोडच अधिक उतरतो, असे अनेकदा घडते. हा भार रोखणारा ब्राउझर जुन्या यंत्रावर अधिक चपळ वाटतो.

दुसरा मुद्दा रॅमचा. आजचे ब्राउझर वेगवेगळ्या वेबसाइट वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवतात. एक टॅब कोलमडला तरी बाकीचे शाबूत राहावेत, हा त्यामागचा एक हेतू. ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधील दोष २०१८ मध्ये उघड झाल्यानंतर क्रोमने ही विभागणी अधिक कडक केली. एका साइटला दुसऱ्या साइटची माहिती वाचता येऊ नये, यासाठी ते आवश्यक होते. म्हणजे रॅम अधिक खाल्ली जाते, त्यातला काही भाग सुरक्षेची किंमत असतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर २०-२५ टॅब उघडे ठेवले, तर कोणताही ब्राउझर रखडणारच. वापरात नसलेले टॅब झोपवण्याची सोय आता क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींमध्ये आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये ती ‘मेमरी सेव्हर’ या नावाने, तर एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’ या नावाने सापडते.

बॅटरी नेमके कोण खाते?

पडद्याचा उजेड हा मोठा ग्राहक. त्यानंतर प्रोसेसरला सतत जागे ठेवणारी पाने येतात. आपोआप सुरू होणारे व्हिडीओ, हलत्या जाहिराती आणि दर काही सेकंदांनी स्वतःला ताजी करणारी पाने प्रोसेसरला विश्रांती घेऊ देत नाहीत. व्हिडीओचे गणित वेगळे आहे. चित्रफीत उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपमधील खास भागाने केले तर वीज कमी लागते. ‘एव्ही-१’सारखा नवा व्हिडीओ प्रकार जुन्या चिपला कळत नाही. मग ते काम मुख्य प्रोसेसरवर येते, पंखा गरगरू लागतो आणि बॅटरी उतरते. अशा यंत्रावर व्हिडीओचा दर्जा एक पायरी खाली आणणे हा सोपा उपाय ठरतो.

मॅकबुकवर सफारी बॅटरीच्या बाबतीत उजवा मानला जातो, कारण यंत्र, प्रणाली आणि ब्राउझर तिन्ही एकाच कंपनीचे आहेत. विंडोजवर एजमध्ये वीज वाचवणारी खास पद्धत आहे. क्रोमचा ‘एनर्जी सेव्हर’ सहसा बॅटरी २० टक्क्यांवर आली की पार्श्वभूमीतील कामे आणि पडद्यावरील हालचाली कमी करतो. कंपन्यांचे दावे त्यांच्याच प्रयोगशाळेतील यंत्रांवर आधारलेले असतात, म्हणून घरची चाचणी अधिक भरवशाची. पडद्याचा उजेड तोच, वायफाय तेच, पाने तीच ठेवून प्रत्येक ब्राउझर एकेक तास चालवावा आणि किती टक्के बॅटरी उतरली ते लिहून ठेवावे. विंडोजवरील क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली, की कोणता टॅब किती प्रोसेसर आणि रॅम खातो याची यादी समोर येते. खरा दोषी अनेकदा ब्राउझर नसून एखादे विसरलेले पान किंवा एक्स्टेंशन असते.

खासगीपणात कोण पुढे?

इथे मात्र फरक ठळक आहे. एका साइटवर चपला पाहिल्या की दुसऱ्या साइटवर चपलांच्या जाहिराती दिसतात, त्यामागे बहुधा ‘थर्ड-पार्टी कुकीज’ असतात. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज स्वतंत्र कप्प्यात बंद करण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. ब्रेव्ह त्या सुरुवातीपासूनच अडवतो. गुगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत या कुकीज बंद करू असे जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये हा बेतच सोडून दिला. क्रोममध्ये त्या बंद करता येतात, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः.

कुकीज रोखल्या म्हणजे माग संपला असेही नाही. पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, ग्राफिक्स चिप अशा बारीकसारीक खुणा जोडून यंत्राची ओळख पटवता येते. त्याला ‘फिंगरप्रिंटिंग’ म्हणतात. ब्रेव्ह, फायरफॉक्स आणि सफारी त्याला कमी-अधिक अटकाव करतात.

इनकॉग्निटो म्हणजे गुप्तता?

नाही. या खिडकीत उघडलेल्या पानांची नोंद त्या यंत्रावर राहत नाही, इतकाच तिचा अर्थ. इंटरनेट सेवा देणारी कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि ती वेबसाइट यांना भेट दिसू शकते. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलविरोधात खटला झाला. २०२४ मधील तडजोडीत गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. घरातील सामायिक संगणकावर किंवा सायबर कॅफेत बँकेचे खाते उघडायचे असेल, तर मात्र ही खिडकी उपयोगाची आहे.

जाहिरातरोधकांचा वाद काय?

एक्स्टेंशनना किती अधिकार असावेत याचे नियम गुगलने ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ या नावाने बदलले. सुरक्षा वाढेल असे कारण दिले गेले. परंतु त्यामुळे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा लोकप्रिय जाहिरातरोधक मूळ रूपात क्रोमवर चालेनासा झाला. त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्सने जुनी पद्धतही कायम ठेवली. गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, म्हणून या बदलाकडे संशयाने पाहिले गेले. पैशांचे धागे इतरत्रही आहेत. सफारीत गुगल सर्च आधीपासून निवडलेले असावे यासाठी गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. मोझिलाचेही बहुतांश उत्पन्न गुगलबरोबरच्या अशाच करारातून येते. याच खटल्यात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने गुगलला क्रोम विकायला लावण्यास नकार दिला.

भारतीय पर्याय आहे का?

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मधील निकालात झोहो कंपनी पहिली आली आणि तिला एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. झोहोचा ‘उला’ ट्रॅकर रोखण्यावर भर देतो. काम, वैयक्तिक आणि मुले यांच्यासाठी त्यात वेगळ्या पद्धती आहेत. इंजिन मात्र त्याचेही क्रोमियमचेच.

मग निवडावा कोणता?

मॅकवर बॅटरी महत्त्वाची असेल तर सफारी. विंडोजवर बॅटरी हवी असेल तर एज, पण बातम्या आणि खरेदीच्या सूचना सेटिंगमधून बंद करून. खासगीपणा आणि जाहिरातमुक्त वाचन हवे असेल तर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह. कार्यालयाचे सगळे काम गुगलवर चालत असेल तर क्रोम, थर्ड-पार्टी कुकीज बंद करून. व्यवहार्य तोडगा म्हणजे दोन ब्राउझर. एक बँक आणि सरकारी अर्जांसाठी, त्यात एकही एक्स्टेंशन नको. दुसरा बाकी सगळ्यासाठी. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागणारे एक्स्टेंशन पासवर्डही पाहू शकते, हे विसरू नये.

या सगळ्याच्या आधी येते ती अद्ययावत आवृत्ती. क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ साठी सुरक्षा सुधारणा देणे फेब्रुवारी २०२३ मध्येच थांबवले. तरीही जुन्या यंत्रावर तोच क्रोम चालू दिसतो, पाने उघडतात, पैसेही पाठवता येतात. त्यातील त्रुटी मात्र तेव्हापासून बुजलेल्या नाहीत. वेग आणि बॅटरीचा प्रश्न थोडा थांबू शकतो. अशा यंत्रावरून बँक व्यवहार करणे आजच थांबवायला हवे.